गायधनींची वाईन आणि गद्रे वकील

दुपारी अडीचला हेमलताबाई गद्रे पलंगावर आडव्या होतात, तेव्हा त्यांच्या जिभेवर अजून वाईनची चव आहे. शेजारच्या केरूनाना गायधनींनी आज आपल्या मळ्यातल्या द्राक्षांच्या पांढऱ्या वाईनची पहिली बाटली उघडली आणि एकट्या राहणाऱ्या हेमलताबाईंना जेवायलाच बोलावलं. बाईंनी जन्मात पहिल्यांदा वाईन घेतली. थंडगार, किंचित आंबट, पिकल्या पेरूच्या वासाची. नानांनी न विचारताच दुसरा पेला भरला. आता पंख्याची घरघर लांब लांब जाते आहे.

"वास येतोय," कुणीतरी म्हणतं.

पायथ्याशी बाईंचे यजमान, गद्रे वकील, बसलेत. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली, पण अंगात काळा कोट आहे आणि ओठाची डावी कड तशीच खाली वळलेली. एक्केचाळीस वर्षं बाईंनी ती कड पाहिली. आमटी वाढली की वळायची, माहेरचं कुणी आलं की वळायची, बाईंनी पेपर हातात घेतला तरी वळायची.

वकील बोलायला लागतात. हा गायधनी म्हणजे क्रेटच्या भावानं द्राक्षं विकणारा माणूस, त्याला वाईनीतलं काय कळणार? आपल्याला एका अशिलानं फ्रान्सची बाटली दिली होती. ती आपण एकोणीस वर्षं कपाटात जपली, कारण तिच्या लायकीचा माणूस या गल्लीत एकही नव्हता.

बाई उठून बसायला जातात, तर पलंग नाही. त्या साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या आहेत आणि कठड्यावर नानांच्या घरचं ताट आहे, भाकरी अर्धी मोडलेली. वकील उलटतपासणी घेतात. किती पेले? कुणाला विचारून?

"दोन," बाई म्हणतात. "आणि तुमची बाटली तुमच्या तेराव्यानंतर मी उघडली. व्हिनेगर झालं होतं आतल्या वाईनचं. बेसिनमध्ये ओतलं."

बेअक्कल, असं काहीसं वकील पुटपुटतात. पण त्यांची नजर बाईंच्या हातातल्या पेल्यावर आहे. पेला कधी हातात आला, बाईंना आठवत नाही. कोर्टाचं छत उडालंय, ही नानांची गच्ची आहे, आणि उन्हात वकिलांचा कोट चक्क विटका दिसतो, मानेशी मळ धरलेला. बाई भीती शोधून पाहतात. ती जिथे असायची तिथे नुसती किळस आहे. याच्या पावलांचा आवाज आला की आपण पदर सावरायचो, याच्या?

वकील पेला हिसकावतात आणि तहानलेल्या बैलासारखे पितात. वाईन हनुवटीवरून ओघळते. मग बाईंकडे न बघता ते रिकामा पेला पुढे करतात.

"अजून आहे का?"

"आहे की. नाना कुणाला नाही म्हणत नाहीत. जा, माग त्यांच्याकडे."

एक्केचाळीस वर्षांत नवऱ्याशी त्या पहिल्यांदाच एकेरीत बोलतात. वकील तसेच उभे राहतात. द्राक्षं विकणाऱ्या माणसाकडे मागायला जायला त्यांचा पाय काही उचलत नाही. बाई त्यांच्याकडे पाठ फिरवतात.

जाग येते तेव्हा चार वाजलेत, वीज गेलेली. बाई पाय खाली सोडतात आणि थबकतात. पलंगाच्या पायथ्याशी फरशीवर तीन थेंब पडलेत, अजून ओले. वाकून बोट लावतात, तर चिकट, आणि बोटाला पिकल्या पेरूचा वास.

मग टाचेनं ते पुसून टाकतात.