कंपनीच्या विमानावरची नोकरी

मी फ्लाइंग क्लबात नाव घातलं तेव्हा देशात नव्या खाजगी विमान कंपन्या एकेक करून उघडत होत्या. माझ्या हातात कमर्शियल पायलटचं लायसन्स पडलं तेव्हा त्यातल्या बऱ्याचशा एकेक करून बंद पडत होत्या. हजारो तास उडालेले कॅप्टन रिकामे बसले होते आणि त्यांच्या मागे, रांगेच्या अगदी शेपटाला, दोनशेच्या आसपास तास उडालेली मी.

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे समजावून सांगावं लागलं नाही. ते तुर्भ्याच्या मार्केटात कांदा-बटाट्याचे आडते. "सगळ्यांनी एकदम कांदा लावला की असंच हुतं," एवढंच ते म्हणाले आणि जेवायला बसले. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. तीस वर्षं मुंबईत काढूनही अण्णांच्या बोलण्यातला सातारा हलला नव्हता.

कंपन्यांच्या विमानांचा विषय माझ्या डोक्यात घातला तो माझ्या बॅचच्या एका मित्राने. तो नवी मुंबईतल्या करावे गावचा. घरची शेती नव्या शहराखाली गेली होती, खाडीतली मासेमारी नावापुरती उरली होती आणि वडिलांनी गावठाणात खोल्या बांधून भाड्याने दिल्या होत्या. इंग्रजीत तो रेडिओवरच्या निवेदकासारखा बोलायचा. मराठीत आला की गावचा व्हायचा.

"एअरलाइनच्या मागे कशाला लागतेस?" तो म्हणाला. "शेठ लोकांकडं पन इमानं हायत. ती कोन चालवतं?"

कोण चालवतं ते सोडाच, विमानं कुठल्या शेठकडे आहेत हेच आम्हाला माहीत नव्हतं. पेपरात अशी जाहिरात येत नसे. मोठ्या माणसांच्या घरचे स्वयंपाकी आणि पायलट ओळखीनेच ठेवले जातात, हे आम्हाला पुढे कळलं. तेव्हा मात्र आम्ही संशोधन करायचं ठरवलं.

पहिलं संशोधन कलिन्याला. विमानतळाच्या त्या बाजूला खाजगी विमानं उभी असायची. आत जायला पास नव्हता, म्हणून मित्राच्या स्कूटरवरून जाऊन आम्ही फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर बसायचो. टपरीवाल्याला सगळी माहिती आहे असं सगळे सांगत, आणि तोही सांगे. कुठला कॅप्टन आजारी आहे, कुठला दुबईला चालला आहे, कुणाचं शेठशी वाजलं आहे. त्याच्या भरवशावर आम्ही तीन ठिकाणी चौकशी केली. तिन्ही कॅप्टन ठणठणीत होते आणि त्यातल्या एकाने मला फोनवर विचारलं, "मी मेलो असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

दुसरं संशोधन जरा शास्त्रशुद्ध होतं. आमच्या सोसायटीत, कोपरखैरण्याला, शेअर्सचा नाद असलेले एक काका होते. बाजार आपटल्यापासून कंपन्यांचे वार्षिक अहवाल त्यांना डोळ्यांसमोर नको होते. मी मागितल्यावर त्यांनी गठ्ठेच्या गठ्ठे दिले आणि परत आणू नकोस म्हणाले. त्या अहवालांत कंपनीच्या मालमत्तेचं एक पान असे. जमीन, इमारती, यंत्रं, फर्निचर, वाहनं. क्वचित एखाद्या अहवालात वाहनांच्या खाली आणखी एक ओळ असे : विमान. ती ओळ सापडली की मला लॉटरी लागल्यासारखं व्हायचं. शेजारीच बसलेली आई मेथी निवडता निवडता विचारायची, "सापडलं का गं एखादं?" जणू मी उवा काढत होते.

बारा-पंधरा कंपन्या निघाल्या. अर्ज टाईप करायला मी वाशीतल्या एका टायपिंगवाल्याकडे दिले. त्याच्याकडे दिवसभर प्रकल्पग्रस्तांचे भूखंडासाठीचे अर्ज यायचे, आणि इंग्रजीत पायलट आणि प्लॉट यांच्यात फरक एका 'आय'चा. हाताच्या सवयीने त्याने तो 'आय' सगळीकडे गाळला. मी सह्या करून अर्ज पाठवले. कॉर्पोरेट प्लॉटच्या पदासाठी मी अत्यंत लायक उमेदवार आहे, असं त्या कंपन्यांना कळलं. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. एका कंपनीने मात्र नम्रपणे लिहिलं की आमच्याकडे सध्या विकाऊ प्लॉट नाही, असल्यास कळवू.

सगळे अर्ज पुन्हा टाईप करावे लागले. दुसऱ्या फेरीत एक बोलावणं आलं, आणि ते ज्या कंपनीचं होतं तिची चिमणी आमच्या गच्चीवरून दिसायची.

रुळांच्या पलीकडचा तो रसायनांचा कारखाना. संध्याकाळी वारा फिरला की सडक्या कोबीसारखा वास सगळ्या सेक्टरभर पसरायचा. कारखान्याच्या मालकांकडे स्वतःचं दोन इंजिनांचं विमान होतं, आणि त्यांना मुख्य कॅप्टनच्या हाताखाली एक को-पायलट हवा होता. कोणत्या विमानात कोण बसतं हे शोधत मी मुंबईभर फिरले होते, आणि ही मंडळी आमच्याच नाकासमोर होती. अगदी शब्दशः.

मुलाखत घेतली प्रशासन अधिकाऱ्याने. त्याच्याकडे कँटीन, बाग, सिक्युरिटी आणि गाड्या ही खाती होती. विमान गाड्यांमध्ये मोडत होतं. त्याच्यापुढे जो छापील कागद होता तो ड्रायव्हरसाठीचा होता, आणि त्याने तो वरपासून खालपर्यंत इमानदारीने भरायला घेतला.

"घाटात चालवायचा अनुभव?"

"घाटावरून," मी म्हणाले.

त्याने 'आहे' असं लिहिलं. "गाडी येते का? चारचाकी?"

"येते. वडिलांचा टेम्पो चालवते." हे खरं होतं.

"गुड. कधी ड्रायव्हर आला नाही तर साहेबांना विमानतळावरून घरी सोडावं लागतं." मग त्याची नजर माझ्या पत्त्यावर गेली. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "ही ती वासाची तक्रार करणारी सोसायटी का?"

"हो."

"सेक्रेटरीचं आडनाव तुमचंच आहे."

"वडील आहेत माझे."

तो खुर्चीत मागे रेलला. तक्रारींचं खातंही त्याच्याचकडे होतं. मग सहज बोलावं तसं म्हणाला, "लोकांचं गैरसमजातून होतं असं काहीतरी. तुम्ही आता आपल्याच फॅमिलीत येणार म्हटल्यावर वडिलांशी बोलून बघा."

मी घरी येऊन बोलले. वर्षानुवर्षं मुलीच्या उड्डाणासाठी खर्च केलेला हा माणूस, त्याच्यासमोर मी हे मांडलं म्हणून मला कसंतरीच वाटत होतं. पण नोकरीही हवी होती. अण्णांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"तुला नोकरी लागली म्हंजी वास यायचा थांबल का?"

"नाही."

"मग तक्रार कशी काढायची? वरच्या मजल्यावरच्या म्हातारीला दम लागतोय, तिला काय सांगू? आमची पोरगी इमानात बसली, आता तू खोकू नगंस म्हणून?"

विषय संपला. दुसऱ्या मुलाखतीला मी गेले ती मालकांकडेच. कॅप्टनही तिथे होते, हवाई दलातून निवृत्त झालेले, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी मला कामाचं विचारलं : एक इंजिन बंद पडलं तर काय, पंखांवर बर्फ धरला तर काय. मी उत्तरं दिली. ते समाधानाने मान हलवत होते. मालकांनी एकच प्रश्न विचारला.

"मुक्कामी गेलो की पायलट लोक एका खोलीत राहतात. तुमची सोय कशी करायची?"

"दुसरी खोली घेऊन," मी म्हणाले.

मालक हसले. ज्या माणसाने विमान घेतलं होतं त्याला गेस्ट हाऊसमधली एक जादा खोली परवडत नाही हे मला त्या हसण्यावरून समजलं. आठवड्याभराने माझ्या मित्राला बोलावणं गेलं आणि त्याला घेतलं. त्यानेही तिथे अर्ज केला होता, हे आम्ही एकमेकांपासून लपवलेलं नव्हतं. तो पेढे घेऊन आमच्या घरी आला, दारातच उभा राहिला.

"रागावलीस का गो?"

"आत ये," मी म्हणाले. "तुझ्यावर कशाला रागावू? तुझी सोय होते ना एका खोलीत."

राग आलाच होता, पण तो त्याच्यावर नव्हता. त्या रात्री मी जेवले नाही. आईने पेढे देवापुढे ठेवले आणि कुणाचे ते देवाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मी घणसोली गावात एका क्लासमध्ये दहावीच्या मुलांना गणित आणि विज्ञान शिकवायला लागले. पुढचं जवळजवळ वर्ष मी तेच करत होते. मधूनमधून अर्ज चालू होते. लायसन्स जिवंत ठेवायला वेळोवेळी डॉक्टरांकडून तपासून घ्यावं लागे. माझे डोळे, कान, हृदय सगळं सरकारी मतानुसार उड्डाणास योग्य होतं, आणि मी फळ्यावर त्रिकोण काढत होते.

मित्र अधूनमधून यायचा आणि नोकरीच्या गोष्टी सांगायचा. नोकरी म्हणजे वाट पाहणं. साहेब सकाळी आठला निघणार म्हणून पहाटे जायचं, साहेब दुपारी येणार, मग संध्याकाळी, मग आज नाहीच. तोवर विमानातली सँडविचं शिळी होतात म्हणून ती पायलटांनी खायची. "सँडविच खाऊन खाऊन कंटालो," तो म्हणायचा. त्याला मासे लागायचे.

मग अचानक एका एअरलाइनने भरती काढली आणि तो तिकडे गेला. जागा रिकामी झाली. मला वाटलं आता नवा अर्ज, नवा कागद, घाटाचा अनुभव. तसं काहीच झालं नाही. मला एका सकाळी थेट कॅप्टनांचा फोन आला.

झालं असं होतं की मालकांच्या पत्नीला आपल्या भजनी मंडळाला घेऊन देवदर्शनाला जायचं होतं. विमानात सात-आठ बायका, आणि प्रवास जरा लांबचा. पुढे दोन्ही पायलट म्हणजे परके पुरुष, आणि मध्ये बाथरूमसाठी उतरायचं म्हटलं तर काही सांगायची चोरी, असं बाईंचं म्हणणं पडलं. "एक मुलगी आली होती ना तुमच्याकडे?" त्यांनी कॅप्टनांना विचारलं. "तिला का नाही घेतली?" कॅप्टनांनी खोलीची अडचण सांगितली. त्यावर बाई नवऱ्याला घरात काय बोलल्या ते बाहेर आलं नाही. पण ज्या कारणासाठी मला नाकारलं होतं, नेमक्या त्याच कारणासाठी मला घेतलं.

त्या जातीचं विमान शिकायला मला काही आठवडे लागले. पहिल्या फेरीला माझ्यामागे आठ बायका बसल्या. धावपट्टी सुटली तसा त्यांचा गलका एकदम थांबला. मग एकीने पाळण्याची ओळ धरली आणि बाकीच्यांनी उचलली. कॅप्टन माझ्याकडे बघून म्हणाले, "आजवर साहेबांच्या मीटिंगा ऐकल्या. हे बरं आहे." मला आनंद झाला होता, इतका की मी उंचीचा आकडा दोनदा वाचला.

अण्णांची तक्रार तशीच चालू राहिली. प्रशासन अधिकारी मला दर महिन्याच्या पगाराच्या दिवशी अर्थपूर्ण नजरेने पाही. मी मान डोलवी. चिमणीवर पुढे काहीतरी यंत्र बसवलं, वास थोडा कमी झाला, आणि अण्णांनी तक्रारीऐवजी स्मरणपत्रं लिहायला सुरुवात केली.

नव्वदचं दशक संपत आलं तशी धंद्यात मंदी आली. मालकांनी कँटीनमधलं दुपारचं केळं बंद केलं, बागेतले दोन माळी कमी केले आणि शेवटी विमान विकायला काढलं. कॅप्टनांनी निवृत्ती घेतली. माझं काय, असं मी प्रशासन अधिकाऱ्याला विचारलं. त्याने फाईल चाळली.

"तुमचं ठरलेलं आहे की. घेणाऱ्यांना पायलट पण हवा होता. विमानासोबत तुम्हाला दिलंय."

"मला कुणी विचारलं नाही."

"मला पण नाही विचारलं," तो म्हणाला. त्याचा आवाज प्रथमच साधा होता. "मी या महिन्याअखेर जातोय. केळं गेलं, माळी गेले, विमान गेलं, मग प्रशासन अधिकारी कशाला?"

मी त्याला चहा विचारला. आम्ही कँटीनमध्ये बसून चहा प्यालो. त्याने सांगितलं की त्याला विमानाची भीती वाटते, तो कधी आत चढलाच नव्हता.

नवे मालक सांगलीकडचे. विमान पाहायला ते कलिन्याला आले, सोबत दोन भाऊ आणि एक हिशेबनीस. त्यांनी टायरला पायाने दाबून बघितलं, दार उघडझाप केलं, सीटचं कातडं नखाने खरवडून पाहिलं. मी युनिफॉर्ममध्ये बाजूला उभी होते.

"ह्या कोण?" त्यांनी विकणाऱ्यांच्या माणसाला विचारलं.

"पायलट. सोबतच आहेत."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. अहवालांची ती सगळी पानं, ते अर्ज, बर्फाची आणि इंजिनाची उत्तरं मी पुन्हा मनात गोळा केली.

"कुठल्या तुम्ही?"

"सातारा."

"मग काय प्रश्नच नाही," ते म्हणाले आणि पुन्हा टायरकडे वळले.

त्यांच्याकडे मी पुढची कितीतरी वर्षं होते. कॅप्टनही तिथेच झाले. त्यानंतर मुलाखत मला आयुष्यात द्यावी लागली नाही.