बॉनेट लावून बघितलं तेव्हा

नोकरी संपून इतकी वर्षं झाली, पण शेजारून एखादी जुनी मोटार घरघरत गेली की पंचवटीतली ती सकाळ अजून माझ्यासमोर उभी राहते. सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी तिथे फौजदार होतो. नावं कुणाचीच लिहीत नाही. ती माणसं साधी होती आणि त्यांना नावाची हौसही नव्हती.

थंडीचे दिवस. सकाळी ठाण्यात निरोप आला की नदीकडून बाजाराकडे येणाऱ्या चढावर मोटार भाजीच्या दुकानात घुसली. मी आणि आमचे हवालदार पोचलो तेव्हा रस्ताभर मेथी आणि वांगी पसरली होती. दुकान एका विधवा बाईंचं. सगळा बाजार त्यांना मावशीच म्हणायचा. लोकांनी त्यांना आधीच सिव्हिल हॉस्पिटलला हलवलं होतं, मांडीचं हाड मोडलं होतं. गाडी एका डॉक्टरांची. डॉक्टर गाडीत नव्हते, ड्रायव्हर त्यांना आणायला निघाला होता. तो पळून गेला नव्हता. उलटलेल्या टोपलीशेजारी बसून त्यानं एकच धोशा लावला होता.

"अ‍ॅक्सिलरेटर अडकला, साहेब. पाय काढला तरी गाडी थांबेना."

मला तिथेच नवल वाटलं. अपघात केलेला ड्रायव्हर ठरलेलं वाक्य बोलतो, "ब्रेक फेल झाला." माझ्या नोकरीत मी ते इतक्यांदा ऐकलं की शेवटी कंटाळा आला. अ‍ॅक्सिलरेटरचं नाव घेणारा हा पहिलाच भेटला. खोटं बोलणारा माणूस सहसा चारचौघांचंच खोटं बोलतो, नवीन शोधायचे कष्ट घेत नाही.

पंचनाम्यात आणखी एक गंमत निघाली. रस्त्यावर चाकं फरफटल्याच्या खुणा होत्या, म्हणजे ब्रेक दाबला होता. आणि बघणारे सगळे सांगत होते की इंजिन शेवटपर्यंत बोंबलत होतं. एकाच वेळी थांबायचंही आणि पळायचंही? हे काही मला जुळेना.

पण दुपारी हवालदार चहाच्या टपरीवरून बातमी घेऊन आले आणि सगळं उलटलं. दोन आठवड्यांपूर्वी याच ड्रायव्हरचं याच मावशींशी कडाक्याचं भांडण झालं होतं. तो डॉक्टरांची गाडी रोज दुकानापुढे लावायचा, गिऱ्हाइकाला भाजी दिसायची नाही. मावशींनी त्याच्या सात पिढ्या काढल्या. तोही तापला आणि भर बाजारात ओरडला, "एक दिवस गाडीच घालतो तुझ्या अंगावर!" ऐकणारे दहा जण, आणि दहाही जण जबाब द्यायला तयार.

मी हॉस्पिटलात जाऊन मावशींचा जबाब घेतला. पाय वर टांगलेला, चेहरा वेदनेनं काळवंडलेला. मी विचारलं, "भांडण झालं होतं का?" त्या म्हणाल्या, "झालं व्हतं." "धमकी दिली होती का?" "दिली व्हती." मी अंगठा घेतला आणि निघालो.

आमच्या इन्स्पेक्टरसाहेबांनी फाईल बघितली आणि म्हणाले, "आता आणखी काय पाहिजे तुला? लाव तीनशे सात." तीनशे सात म्हणजे खुनाचा प्रयत्न. म्हणजे त्या माणसाची उमेदीची सगळी वर्षं तुरुंगात. घरी बायको आणि दोन लहान मुली. ती बायको रोज ठाण्याच्या पायरीवर डबा घेऊन बसायची.

कोठडीत मी त्याला सरळ विचारलं, "धमकी दिली होतीस ना?"

"रागात बोललो, साहेब. पण ते मिटलं होतं."

"कुणासमोर मिटलं?"

"कुणासमोरच नाही, साहेब."

मी मनात म्हटलं, मिटलं होतं असं सगळेच आरोपी म्हणतात. हे मात्र माझं चुकलं. पुढे कळेलच.

गाडी ठाण्याच्या आवारात आणून लावली होती. मोटार वाहन निरीक्षक येऊन तपासून गेले. बॉनेट उघडून त्यांनी पेडल दाबायला लावलं, पेडलला जोडलेली कार्ब्युरेटरची दांडी बघितली, स्प्रिंग ओढून बघितली. नंतर आवारात दोन चकरा मारल्या. "काही दोष नाही," असं लिहून दिलं. त्यांचंही चुकलं नव्हतं, पेडल खरोखरच लोण्यासारखं खालीवर होत होतं. पण माझा हात काही आरोपपत्रावर सही करायला धजेना. रस्त्यावरच्या त्या खुणा डोक्यात खुपत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः गाडीत जाऊन बसलो. बॉनेट उघडं होतं. इंजिन सुरू केलं, दहा वेळा पेडल दाबलं. काही नाही. तेवढ्यात हवालदार दोन ग्लास चहा घेऊन आले. ग्लास ठेवायला जागा दिसेना म्हणून त्यांनी बॉनेट खाली आपटलं आणि त्यावर चहा मांडला. मी बसल्या बसल्या विचार करत होतो की थंड इंजिन, समोर चढ, म्हणजे ड्रायव्हरनं त्या सकाळी पेडल पार तळाला नेलं असणार. मीही नेलं.

इंजिन जे बोंबललं! मी पाय काढला. आवाज कमी होईना. ग्लास नाचत नाचत खाली पडले. हवालदार धावले, त्यांनी बॉनेट उचललं, आणि इंजिन क्षणात शांत झालं. मास्तर दारात आल्यावर वर्ग गप्प होतो तसं.

"साहेब, झपाटलीय ही गाडी," हवालदार दोन पावलं मागे सरून म्हणाले.

"झपाटली नाही, लबाड आहे. परत लावा बॉनेट."

तीनदा करून बघितलं, तिन्ही वेळा तेच. बॉनेट लावून पेडल तळाला नेलं की अडकायचं, आणि बघायला बॉनेट उघडलं की सुटायचं. आम्ही सगळे उघडूनच बघत होतो! निरीक्षकांनी बंद बॉनेटनं चकरा मारल्या, पण आवारात पेडल तळाला न्यायची गरजच पडली नव्हती.

आता आत काय होतंय हे न उघडता कसं बघायचं? मी टेबलावर येऊन बसलो, आणि समोर आरोपींच्या अंगठ्याचे ठसे घ्यायची शाई दिसली. मी उठलोच. इंजिन बंद केलं, कार्ब्युरेटरच्या दांडीच्या टोकाला ती काळी शाई चोपडली, बॉनेट लावलं, पेडल तळाला नेलं, पाय काढला आणि बॉनेट उघडलं.

"काय करताय, साहेब?" हवालदारांनी विचारलं.

"गाडीचा अंगठा घेतोय."

बॉनेटच्या आतल्या बाजूला एक गोणपाट बांधलेलं होतं. थंडीत इंजिन लवकर सुरू व्हावं म्हणून नाशकातले बरेच ड्रायव्हर रात्री इंजिनावर असं काहीतरी घालायचे, म्हणून कुणालाच त्यात वावगं दिसलं नव्हतं. ते ज्या सुतळीनं बांधलं होतं तिचा एक फास सैल होऊन खाली लोंबत होता, आणि त्या फासावर ताज्या काळ्या शाईचा डाग होता. पेडल तळाला गेलं की दांडी त्यात अडकत होती. मला इतका आनंद झाला की मी हवालदारांना मिठीच मारली. पंच बोलावले, त्यांच्यासमोर पुन्हा सगळं केलं, सुतळी मोहोरबंद केली.

मी कोठडीत जाऊन ड्रायव्हरला सांगितलं. वाटलं, हा उड्या मारेल. तो भिंतीला टेकला आणि रडायला लागला.

"अरे, सुटलास तू! रडतोस काय?"

"साहेब, ते गोणपाट मावशीनं दिलंय," तो म्हणाला. "भांडणानंतर चार दिवसांनी मी माफी मागायला गेलो. पहाटे दुकान लावत होती, बाजारात चिटपाखरू नव्हतं. तिनंच दिलं. आधी नुसतं इंजिनावर टाकायचो, रोज काढायला लागायचं, म्हणून मी आतून बांधून टाकलं." मग डोळे पुसून म्हणाला, "काय लिहायचं ते लिहा. पण तिला सांगू नका, तिच्या गोणपाटानं तिचा पाय मोडला म्हणून."

मी तसाच हॉस्पिटलला गेलो. ही समेटाची गोष्ट मावशींच्या तोंडून कागदावर यायला हवी होती. विचारलं, "मावशी, भांडण मिटलं होतं का?"

"मिटलं व्हतं की. पाया पडला माझ्या. लेकरू हाय ते."

"मग त्या दिवशी सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलं कुठं? तुमी इचारलं भांडण झालं व्हतं का. झालं व्हतं, म्हनून सांगितलं. अन पायात कळा अशा मारत व्हत्या, तुमच्याशी गप्पा हानू का?"

मान खाली घालायची वेळ माझ्यावर आली. दहा साक्षीदार हाताशी होते म्हणून मी पुढचा प्रश्न विचारलाच नव्हता. भांडण भर बाजारात होतं, ते सगळ्यांना ऐकू जातं. समेट दोन माणसांत हळू आवाजात होतो, त्याला साक्षीदार नसतो. तो विचारूनच काढावा लागतो. त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी एकही जबाब "आणि मग पुढे काय झालं?" असं विचारल्याशिवाय बंद केला नाही.

तीनशे सात लागलं नाही. निष्काळजीपणाचा खटला तेवढा राहिला, तोही पुढे मावशींनी कोर्टात तडजोड करून मिटवला. आरोपपत्रात मी 'सुतळीचा फास' एवढंच लिहिलं. सुतळी ड्रायव्हरची होती, त्यामुळे खोटं काही लिहावं लागलं नाही.

त्या दुसऱ्या भेटीत जबाबावर अंगठा देऊन झाल्यावर मावशींनी मला थांबवलं.

"साहेब, थंडी लय पडलीय औंदा. म्या त्याला येक गोनपाट दिलं व्हतं गाडीला पांघराया. कामाला आलं का वो त्याला?"

मी टोपी डोक्यावर चढवली, त्यांच्या टांगलेल्या पायाकडे बघायचं टाळलं.

"आलं, मावशी," मी म्हटलं. "लय कामाला आलं."