लाल शाईची वही

“अहो आजी, वही बघा हिची. निम्मी लाल. परीक्षा वीस दिवसांवर आलीय आणि तुम्ही म्हणता, तयारी छान चाललीय?”

ईशाच्या आईनं विज्ञानाची वही टेबलावर आपटली. लाल म्हणजे चुका, एवढंच तिला ठाऊक. आजपासून ईशा माझ्याकडे येणार नाही, क्रॅश कोर्सला जाणार, हे ती ठरवूनच आली होती. ईशा शेजारी मान खाली घालून उभी.

कोथरूडच्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मी दहावीच्या मुलींची उजळणी घेते. असे प्रसंग दर फेब्रुवारीत साठतात. एक सांगून संपत नाही तोवर पुढची आई जिना चढत असते.

*

गेल्या वर्षीच्या श्रावणीनं इतिहासाचं अख्खं पुस्तक पिवळं केलं. हायलायटर संपला म्हणून दुसरा आणायला निघाली! मी म्हटलं, “बाई, यात बिनमहत्त्वाचं काय आहे तेवढं दाखव. ते सोडून देऊ.”

*

सानिकानं टाइमटेबल केलं. तीन दिवस, सात रंग, वर लॅमिनेशन. त्यात मंगळवारी भूमिती होती. तो मंगळवार लॅमिनेशनच्या दुकानात गेला.

*

माझी पद्धत एकच. धडा वाचा, पुस्तक मिटा, आठवेल ते निळ्या शाईनं लिहा. मग पुस्तक उघडा आणि राहिलेलं लाल शाईनं भरा. दोन दिवसांनी पुन्हा पहिल्यापासून.

मला ही कुणी शिकवली नाही. माझी शाळा सातवीत सुटली. दहावी दिली ती सून घरात आल्यावर, सतरा नंबरचा फॉर्म भरून, बाहेरून. भाजी निवडताना हात मोकळे नसत, म्हणून पुस्तक मिटलेलंच असायचं. आठवण्यावाचून इलाज नव्हता.

*

ईशाच्या आईला ही पद्धत तेवढी सांगितली. तिनं शांतपणे विचारलं, “आजी, तुमचं शिक्षण किती?”

“तुमच्या मुलीला पुरेल इतकं.”

मग काय, आवाज चढले. बाकीच्या मुलींनी पेनं खाली ठेवली. माझा पाय एका जागी ठरेना. खिडकीपाशी गेले, परत आले. आईनं ईशाची बॅग खांद्याला लावली आणि चल म्हणाली.

ईशा हलली नाही. तिनं टेबलावरची वही उचलली, सगळ्यात लाल पान उघडलं आणि वही आईच्या हातात दिली.

“आई, निळं राहू दे. लाल तेवढं विचार.”