मॅडम न बघता हो म्हणत नसत

माझ्या बायकोला मी जन्मभर मॅडमच म्हणत आलो. त्या नांदेडला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायच्या, मी एसटीचा ड्रायव्हर, शाळा सातवीपर्यंत. अख्खी गल्ली मॅडम म्हणायची, मी काय वेगळं म्हणणार? कंधारहून माझ्याच गाडीनं जायच्या आणि उतरताना सगळ्यांदेखत सांगायच्या, "ड्रायव्हरसाहेब, आज तीन खड्डे चुकवले न्हाईत."

रिटायर झाल्यावर घरी बसून जगभरातल्या लोकांचं काम तपासू लागल्या. सी भाषेतल्या प्रोग्रामात कोणी दुरुस्ती करून पाठवतं, तिला पॅच म्हणतात. मॅडमचा डोळा 'कॉन्स्ट' या शब्दावर. म्हणजे ही वस्तू वाचायला दिलीय, बदलायची न्हाई. एकदा तसं लिहिलं की ती वस्तू पुढं ज्याच्या ज्याच्या हाती जाईल तिथंही लिहावं लागतं, न्हाईतर कॉम्प्युटर कुरकुरतो. आळशी माणूस मधेच एक कंस टाकून त्याचं तोंड बंद करतो. मॅडमला तो कंस लगेच दिसायचा.

एकाचा पॅच त्यांनी त्या कंसापायी तीनदा परत पाठवला. मी म्हणालो, "चालतंय ना त्याचं? कशाला छळून राहिल्या?"

"चालतंय म्हणून बरोबर हाय का? ब्रेक नसलेली गाडी बी उतारावर चालतेच की!"

मग त्यालाच पानभर समजावून लिहिलं. रागवायचं कामावर, माणसावर न्हाई, असं त्यांचं होतं.

दवाखान्यात नेताना म्हणाल्या, "त्या कंसवाल्याचं बघायचं राहिलं. आल्यावर बघते." आल्याच न्हाईत.

महिन्यानं मेडिकलवाल्या रहीमनं त्यांचा कॉम्प्युटर उघडून दिला. त्या माणसाचं पत्र पडलं होतं: मॅडम, कंस काढला, सगळीकडं कॉन्स्ट लावलं, आता बरोबर आहे का?

रहीम म्हणाला, "काका, लिहून टाकू का बरोबर हाय म्हणून? बिचारा कवाचा थांबलाय."

"खबरदार," मी म्हणालो. "त्यांच्या नावावर न बघता हो म्हणायचं न्हाई. लिही, मॅडम वारल्या. तुमचं बघायचं राहिलं."

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. रहीमनं वाचलं. दोन ओळी दुःखाच्या, आणि खाली विचारलं होतं, आता मी कोणाला विचारू?

मी रहीमला म्हणालो, राहू दे. त्या प्रश्नाचं उत्तर मला बी पाहिजे.