माझी घोरपड

गुरुग्रामच्या मेट्रोत एक मराठी पोरगा रोज माझ्या शेजारी बसायचा. मांडीवर लॅपटॉप, कानांवर हेडफोन आणि अंगात आल्यासारखी घुमणारी मान. व्हिडिओ गेमसाठी हेवी मेटल करायचा म्हणे. म्हणजे किंचाळणारी गिटार आणि वर कंप्युटरची पिपाणी. याला म्हणे संगीत! मी सरळ डोळे मिटून घ्यायचो.

एकदा त्याने मला हलवून जागं केलं. "काका, गेममधल्या राक्षसाला आवाज मिळाला यार! तुमची घोरपड रेकॉर्ड केली."

दिल्लीत वाढलेल्याचं मराठी हे असं. "घोरपड नव्हे, घोरणं म्हणतात," असं फटकारून मी हेडफोन कानांना लावले.

गिटारींच्या गदारोळातून माझंच घोरणं फूत्कारत, गुरगुरत अंगावर आलं.

मी निमूटपणे हेडफोन परत दिले. घोरपडच होती ती.