कुंकू लागलेली फ्लॉपी

‘चालतंय ना?’ या दोन शब्दांची मला आजही किळस येते. परवा नळ दुरुस्त करायला आलेला माणूस सहज म्हणाला, तर मी त्याच्यावर अशी खेकसले की पाना त्याच्या हातातच राहिला. बिचाऱ्याला काय ठाऊक, याच दोन शब्दांवर मी एकदा सही केली होती!

नव्वदीचं दशक अर्धं सरलं होतं. पालघरच्या कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले, लग्न झालं आणि बोईसरला एका खाजगी प्रयोगशाळेत लागले. माहेर तारापूरकडच्या किनाऱ्यावरचं, मासेमारीचं घर. प्रयोगशाळेत एक परदेशी यंत्र होतं. पाण्याचा नमुना दिला की त्यात मिसळलेली द्रव्यं ते एकेक करून वेगळी करायचं. प्रत्येकाचा उंचवटा एक पेन कागदाच्या पट्टीवर काढायचं, आणि शेजारचा कॉम्प्युटर त्या उंचवट्याचं माप मोजून आकडा द्यायचा. यंत्राबरोबर आलेला त्याचा प्रोग्रॅम जुना, रटाळ, पण काटेकोर होता.

साहेबांना मात्र रिपोर्ट देखणे हवे होते. चौकटी, ठळक अक्षरं, सरासऱ्या, सगळं. म्हणून त्यांनी मुंबईहून दुसरा प्रोग्रॅम आणवला, आणि मुहूर्त ठरवला दसऱ्याचा. आमच्याकडे दसऱ्याला यंत्रांची पूजा व्हायची. आधी दोन दिवस साफसफाई, मग झेंडूच्या माळा, नारळ, हळदकुंकू. कॉम्प्युटरलासुद्धा माळ! त्या दिवशी सॉफ्टवेअरवाल्याने नवा प्रोग्रॅम भरला, साहेबांनी पेढे वाटले, आणि दुसऱ्या दिवशी यंत्राचा जुना प्रोग्रॅम उघडेचना. चूक दाखवून नुसता बंद पडायचा.

कारण साधं होतं. दोन्ही प्रोग्रॅम गणितासाठी तिसऱ्याच एका फाईलवर अवलंबून होते. फाईलचं नाव एकच, जागाही एकच, पण जुन्याला पहिली आवृत्ती लागायची आणि नव्याला दुसरी. नव्याने स्वतःची फाईल आणून जुनीच्या उरावर ठेवली, जुनी पुसली गेली. जुनी परत आणावी तर नवा रुसतो. एकीला खारं पाणी हवं, दुसरीला गोडं, आणि घरात हंडा एकच.

सॉफ्टवेअरवाला पुन्हा आला. गुटखा चघळत त्याने जुन्या प्रोग्रॅमची सेटिंगची फाईल उघडली. तिथे लिहिलं होतं, आवृत्ती एक पाहिजे. त्याने एकचा दोन केला. बस्स! जुना प्रोग्रॅम मुकाट्याने उघडला.

“मॅडम, चल रहा है ना?”

“चालतंय,” मी म्हटलं. शी! स्वतःचाच आवाज आठवून अंगावर काटा येतो. बी.एस्सी. झालेली बाई मी. नवी फाईल जुन्यासारखंच मोजते का, एवढं तरी विचारायला नको? ओळखीचा एक तीव्र नमुना चालवला, आकडा बरोबर आला, मी हात झटकले.

दिवाळीनंतर माझ्या माहेरच्या ग्रामपंचायतीचा माणूस बाटली घेऊन आला. गावच्या गोड्या पाण्याच्या विहिरीला रसायनाचा वास येत होता, म्हणून लोकांनी पाणी भरणं थांबवलं होतं. किनाऱ्यावरचं गाव, बाकीच्या विहिरी मचूळ. बायका दीड मैलावरून हंडे आणत होत्या, त्यात माझी आये. ही विहीर उघडायची की नाही, ते आमच्या रिपोर्टवर ठरणार होतं.

मी हौसेने तो नमुना स्वतः चालवला. आकडा आला शून्य. ‘आढळले नाही.’ देखणा रिपोर्ट छापला, पट्टीचा कागद मागे टाचला, सही ठोकली आणि स्वतः गावी नेऊन दिला. एक प्रत आयेलाही दिली, लेकीच्या सहीची. ती म्हणाली, “पोरी, पान्याला वास हाय गं.” मी हसले. म्हटलं, “आये, तुझ्या नाकापेक्षा मशीन हुशार आहे.” विहीर उघडली.

शिमग्याला माहेरी गेले तेव्हा आयेने पाण्याचा तांब्या पुढे केला. तोंडाला लावला आणि मला वास आला. गोडसर, घशात बसणारा. रोज प्रयोगशाळेत येणारा वास, मी ओळखणार नाही? तांब्या खाली ठेवला. “मशीनने शून्य दाखवलंय,” मी पुटपुटले. आये उठली, देव्हाऱ्यातून माझा रिपोर्ट काढून आणला. तो तिने देवाजवळ ठेवला होता! तिला वाचता येत नव्हतं. देखणं पान तिने उलटलं, मागच्या पट्टीवरून बोट फिरवलं, आणि सरळ रेघेत एका जागी थांबली.

“शून्य हाय तर मंग हितं काय उठलंय?”

छोटासा उंचवटा होता. करंगळीच्या नखाएवढा, पण स्वच्छ. पेनने काढला होता, मीच टाचला होता, आणि पाहिला नव्हता. आकडा छापून आल्यावर रेघ कोण बघतो?

बोईसरला परतले आणि मुद्दाम अगदी विरळ नमुना बनवून चालवला. शून्य. त्याहून दुप्पट केला. तरी शून्य. नव्या फाईलने काय करावं, तर बारीक आकडे कचरा समजून आपल्याआपण पुसून टाकावेत! ते बंद करायची सोय होती, पण जुन्या प्रोग्रॅमला ती ठाऊकच नव्हती. मोठं दिसायचं, बारीक गिळलं जायचं. विहिरीचं पाणी अशा बारीक अंशानेच बिघडतं.

आता जुनी फाईल हवी होती. ती मूळच्या फ्लॉप्यांवर, आणि फ्लॉप्या दसऱ्याच्या साफसफाईत गेलेल्या. मी डोक्याला हात लावून बसले, तेव्हा झाडलोट करणाऱ्या मावशी म्हणाल्या, “केरात कशा टाकीन बाई? त्यांना कुंकू लागलं होतं.” पूजलेली वस्तू केरात जात नाही. त्यांनी त्या निर्माल्याच्या पिशवीत ठेवल्या होत्या, खाडीत सोडायला. खाडीकडे जाणं राहून गेलं म्हणून पिशवी मोरीमागे खिळ्याला तशीच. मी त्यांचे पायच धरायचे बाकी ठेवले.

वाळक्या झेंडूतून तीन फ्लॉप्या निघाल्या. त्या जुन्या मोठ्या, पातळ जातीच्या. आतली चकती एका फटीतून उघडी दिसायची. दोन चालल्या. तिसरीच्या फटीवर बरोबर अंगठ्याएवढं कुंकू होतं, चकतीवर रुतून बसलेलं. गणिताची फाईल तिसरीवर. आणि तो अंगठा माझा! त्या दसऱ्याच्या आदल्या वर्षी पूजेत कुंकवाची जबाबदारी माझ्याकडे होती. चांगलं घसघशीत, मधोमध लावलं होतं मी.

शेवटी औद्योगिक वसाहतीतल्याच दुसऱ्या एका प्रयोगशाळेत तेच यंत्र होतं, तिथल्या बाईंनी फाईल उतरवून दिली. मग दोन्ही प्रोग्रॅमना वेगवेगळ्या डिरेक्टरीत बसवलं, ज्याची आवृत्ती त्याच्याजवळ ठेवली, जो चालवायचा त्याने आपल्याच घरात शोधावं अशी सोय केली. अर्ध्या तासाचं काम! अर्ध्या तासाच्या कामासाठी गाव चार महिने ते पाणी पीत होतं. विहिरीचा ताजा नमुना आणून चालवला. आकडा आला, पिण्याच्या मर्यादेच्या वर.

साहेब म्हणाले, “जुना रिपोर्ट गेलाय ना? मग आता कशाला उकरून काढता? दुरुस्ती म्हणजे आपलीच नाचक्की.” मला त्यांच्या टेबलावर थुंकावंसं वाटलं. पण थुंकायचंच तर आधी आरशावर. मी दुसरा रिपोर्ट छापला, आधीचा चुकीचा होता असं त्यात लिहिलं, पुन्हा सही केली आणि एस.टी. पकडली.

पंचायतीने विहिरीवर फळ्या ठोकल्या. आयेने घरातला हंडा उचलला आणि अंगणाबाहेर नेऊन, माडाच्या आळ्यातही नाही, रस्त्यावर ओतला. मी म्हटलं, “आये, तुला तर वास येत होता. मग प्यालीस कशाला?”

तिने रिकामा हंडा पालथा घातला. “सही तुजी होती,” ती म्हणाली.