आत्याला म्हण चालत नसे

आत्या गेल्याचं मला घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळलं. पहिला तास संपवून स्टाफरूममध्ये आले, फोन उघडला, तर चुलतभावाने एक चित्र टाकलेलं... तेवती समई, पांढरी फुलं, वर मोठ्या अक्षरांत मरणाविषयीची एक म्हण आणि खाली बारीक अक्षरांत आत्याचं नाव. नाव चुकलं होतं, म्हण मात्र शुद्ध होती. पाच मिनिटांत सोळा जणांचे जोडलेले हात आले. त्यांतल्या तिघांनी आपापली वेगळी म्हण जोडली. आत्या शेवटचे तीन महिने देगलूरच्या आपल्या भाड्याच्या दोन खोल्यांत अंथरुणाला खिळून होती, तेव्हा या सोळांतला एकही तिच्या दारात गेला नव्हता. हे तिथल्या तिथे लिहावंसं वाटलं होतं, तेव्हा गप्प बसले. आता दीड महिना झाला. आता लिहिते.

माझी आत्या, शकुंतला, सरकारी दवाखान्यात सिस्टर होती. बाळंतपणाच्या वॉर्डात तिची सगळी नोकरी गेली. तिला आयुष्यात एकाच गोष्टीचा मनापासून तिटकारा होता, तो म्हणींचा. लोकांना ते विक्षिप्त वाटायचं. त्याचं कारण मला आईने सांगितलं, मी बरीच मोठी झाल्यावर.

आत्याचं लग्न विशीच्या आत झालं, निलंग्याकडच्या एका गावात. पहिली मुलगी झाली. अकराव्या दिवशी पोरीला ताप चढला, ती दूध ओढेना. आत्या नवऱ्याला म्हणाली, तालुक्याला नेऊ. त्याने मोटारसायकल बाहेर काढलीसुद्धा होती. तेवढ्यात सासू उंबऱ्यात येऊन मुलीच्या जातीवर एक म्हण बोलली. ती म्हण मी इथे लिहिणार नाही. आत्याने ती पुन्हा कधी तोंडातून काढली नाही, मग मी कशाला काढू? नवरा हसला आणि त्याने गाडी परत आत लावली. दुसऱ्या दिवशी दुपारी पोर गेली.

आत्या नेसत्या लुगड्यानिशी औशाजवळच्या आमच्या गावी आली. माझे वडील, म्हणजे तिचे थोरले भाऊ अण्णा, ओसरीवर बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दिल्या घरी कसं राहावं यावरची दुसरी म्हण तिला ऐकवली.

"अण्णा, ही कुणी केली?" आत्याने विचारलं.

"काय?"

"हीच की, आत्ता बोललास ती."

"पूर्वीपासून चालत आलीय."

"मग तिलाच इचार, माझी पोर कुठं हाय ते."

अण्णांना मिळालेलं सगळं शहाणपण असंच तयार, कुणीतरी करून ठेवलेलं. आयुष्यभर ते काढून देत राहिले, स्वतः एकदाही तपासून पाहिलं नाही. माझ्या आईने मात्र लातूरहून नर्सिंगच्या कोर्सचा फॉर्म मागवला आणि आत्याच्या पुढ्यात ठेवला.

दहावीच्या सुट्टीत मी आत्याकडे देगलूरला राहिले होते. दुपारी तिचा डबा घेऊन वॉर्डात जायचे. देगलूर सीमेवरचं गाव; तिथे मराठी आहे, तेलुगू आहे, कानडी आहे, दखनी आहे आणि बाळंत व्हायला या सगळ्याच भाषांतल्या बाया यायच्या. एका दुपारी सीमेपलीकडच्या एका बाईला दुसरी मुलगी झाली. तिची सासू बाकावर बसली होती. मुलगी झाल्याचं कळताच म्हातारीने हात झटकून तेलुगूत काहीतरी म्हटलं. ते गाण्याच्या ओळीसारखं यमकात होतं. शेजारच्या बाया माना हलवायला लागल्या. मला शब्द कळले नाहीत, पण आत्याचा चेहरा बघून अर्थ कळला.

आत्या बाळाला फडक्यात गुंडाळून घेऊन आली आणि तिने ते सरळ म्हातारीच्या मांडीवर ठेवलं. "पट्टुको," म्हणाली. धर. म्हातारी हात मागे घ्यायला लागली, तशी आत्याने तिचा पंजा पकडून बाळाच्या मानेखाली सरकवला. "पट्टुको, अम्मा." आणि आत निघून गेली. म्हातारी अडकली. सोडावं तर पोर पडणार. अर्ध्या तासाने मी पाहिलं, ती बाळाच्या डोळ्यांवर ऊन येतं म्हणून पदर आडवा धरून बसली होती.

जेवताना आत्या मला म्हणाली, "चार भाषा आल्या गं मला या वॉर्डात. पोरीबद्दल चारींत एकच ऐकलं. यमक तेवढं येगळं." मग भाकरी मोडत हसली, "म्या बी एकच शबुद शिकले चारींत. धर, पट्टुको, हिड्को, पकडो."

दवाखान्याच्या व्हरांड्यात एक काळा फळा होता. तिथले एक बाबू रोज त्यावर रंगीत खडूने सुविचार लिहीत. कधी संस्कृत, कधी चिनी, कधी अरबी. सगळ्या जगाचं शहाणपण त्या फळ्यावर येऊन गेलं असेल. खाली बाकावर रक्तासाठी माणसं रडत असायची. आत्या ड्यूटीवर आली की पहिल्यांदा फळा पुसायची आणि लिहायची: कोणत्या गटाचं रक्त आज कोण देऊ शकतं, गाडीचा ड्रायव्हर कोण, त्याचा नंबर काय. बाबूंनी वरिष्ठांकडे तक्रार केली, की सिस्टरला संस्कृती नाही. वरिष्ठांनी समज दिली. आत्याने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी फळा पुन्हा पुसला. शेवटी बाबू कंटाळले. अशा लोकांचा उत्साह तेवढाच असतो, फळाभर.

आणि मी? मी नांदेडला मराठी शिकवते. म्हणी पूर्ण करा, अर्थ सांगा, वाक्यात उपयोग करा. आत्या आली की माझी वही चाळून म्हणायची, "काय शिकवून राहिलीस पोरींना? मार्कं घेऊन गप बसायला?" मी हसण्यावारी न्यायचे. मला वाटायचं, आपण तिच्या बाजूच्या आहोत.

गेल्या वर्षी तिचा फोन आला. "रिपोर्ट आला गं. पोटात गाठ हाय म्हणतेत. चांगली न्हाई." माझ्यापुढे पेपरचा गठ्ठा होता, हातात लाल पेन होतं. मी घाबरले होते, हे खरं. पण घाबरलेल्या माणसाने निदान गप्प राहावं. माझ्या तोंडून धीर धरण्याविषयीची एक म्हण बाहेर पडली. पाचवीच्या पुस्तकातली. जशी मुलींकडून म्हणून घेते तशीच, न अडखळता.

आत्या म्हणाली, "बरं हाय बाई. शिकलेली हाइस तू." आणि फोन ठेवला.

सासूला, अण्णांना, बाबूंना मी वर काय काय म्हटलं आहे. त्या रांगेत माझं नाव लिहायचं राहिलं तर हा लेख खोटा ठरेल. पेपर संपवून मी आठ दिवसांनी गेले. माफी मागण्याची वाक्यं बसमध्ये पाठ केली होती. आत्याने तोंड उघडू दिलं नाही. "आलीस? बस. पाय दाब जरा," म्हणाली. मी पाय दाबत बसले. त्यानंतर दर शनिवारी जात राहिले, मुख्य म्हणजे न बोलता.

दहाव्याला सगळे देगलूरला जमले. अण्णा आता थकलेत. भिंतीला टेकून ते रडत होते आणि रडता रडता त्यांच्या ओठांवर कुठलीशी म्हण यायला लागली. मी म्हटलं, "अण्णा, आज नको." ते म्हणाले, "मला दुसरं काय येतच न्हाई गं." मला त्यांची कीव यायला हवी होती. आली नाही. मी त्यांना पाण्याचा तांब्या आणून दिला.

दुपारी खोल्या आवरताना दारामागे खुंटीला एक खाकी पिशवी सापडली. आत एक धुतलेला टॉवेल, साबण, बाळाची दोन टोपडी, बिस्किटांचा पुडा. घरमालकीण म्हणाली, "सिस्टर रिटायर झाल्या तरी भरलेली ठेवायच्या. कुणाचा फोन आला की उचलून निघायच्या. निजून होत्या तवा बी मला बिस्किटं बदलायला सांगायच्या, मऊ पडतेत म्हणून."

ती पिशवी मी नांदेडला आणली. माझ्या दारामागे टांगली आहे. बिस्किटं दोनदा बदलली. गेल्या आठवड्यात वर्गातली एक मुलगी चार दिवस आली नाही, घरी तिच्या लग्नाचं काहीतरी चाललंय म्हणे. मी तिच्या मैत्रिणीच्या हाती निरोप पाठवला... नुसता निरोप. पिशवी खुंटीवरच आहे.